गाडीवर असताना फोन : कायदा काय सांगतो, आणि पावती आली तर पुढे काय करायचं

"गाडीवर आहेस का?" असं विचारायचं, समोरचा "हो, बोल ना" म्हणाला की पुढची पाच मिनिटं बोलत राहायचं. पुण्यात ही सवय घरोघरी आहे. स्कार्फमध्ये किंवा हेल्मेटच्या कडेला फोन खुपसून, नाहीतर मान वाकडी करून खांद्यावर फोन दाबून टू-व्हीलर चालवणारी माणसं कर्वे रोडला, सिंहगड रोडला, नगर रोडला रोज दिसतात. सिग्नल सुटला तरी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अडकलेल्या गाडीच्या मागे हॉर्नचा गोंगाटही रोजचाच.

पकडलं गेलं की हजार-दोन हजारांची पावती फाडायची आणि विषय संपला, अशी बहुतेकांची समजूत असते. कायद्यात विषय तिथे संपत नाही. दंड भरला तरी गुन्ह्याची नोंद राहते, ती तीन वर्षं मोजली जाते आणि लायसन्सवर वेगळी कारवाई होऊ शकते. ही साखळी आधी समजून घेऊ. मग गाडी सुरू करण्यापूर्वी काय तयारी करायची, पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं आणि ई-चलान आलं तर काय, हे क्रमाने पाहू.

कायद्याचे नेमके शब्द

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यातलं कलम १८४ धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. तेव्हा 'धोकादायक' म्हणजे काय ते कलमातच स्पष्ट लिहिलं गेलं. सिग्नल तोडणं, थांबण्याची खूण न पाळणं, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं, उलट दिशेने येणं, आणि गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं उपकरण वापरणं. म्हणजे राँग साइडने येणारा आणि मेसेज टाइप करणारा, दोघंही कायद्याच्या लेखी एकाच रांगेत आहेत.

कलमात 'बोलणं' असा शब्द नाही, 'वापरणं' असा आहे. त्यामुळे "मी बोलत नव्हतो, फक्त बघत होतो" हा बचाव टिकत नाही. टाइप करणं, रील पाहणं, गाणं बदलणं, व्हिडिओ काढणं, व्हॉइस नोट पाठवायला फोन तोंडाजवळ धरणं हे सगळं वापरण्यातच आलं.

मग मॅपचं काय? केंद्राने गाडी चालवण्याच्या नियमावलीत २०२० मध्ये बदल केला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून एक मर्यादित सूट दिली. असं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने. या सूटीचे दोन्ही भाग नीट वाचा. वापर फक्त रस्त्यासाठी, आणि लक्ष न ढळता. स्टँडवर लावलेला मॅप चालतो. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात हँडल, हे मॅपसाठी असलं तरी दुसऱ्या अटीत बसत नाही.

इअरफोन आणि ब्लूटूथबद्दल लोक सर्वात जास्त विचारतात. कलम १८४ मधला स्पष्ट उल्लेख हातात धरायच्या उपकरणाचा आहे, त्यामुळे गाडीच्या स्पीकरवरून बोलणं त्या उल्लेखात थेट येत नाही. पण त्याच यादीच्या शेवटी एक व्यापक वाक्य आहे. सावध आणि कुशल चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या कितीतरी खाली जाईल, आणि त्यातून धोका होईल हे कोणाही कुशल चालकाला दिसेल, असं गाडी चालवणंही धोकादायकच. बोलण्याच्या नादात लेन सोडली किंवा झेब्रा क्रॉसिंगवर कोणाला धडक दिली, तर 'फोन हातात नव्हता' एवढ्यावर सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्स-फ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही. हात मोकळे राहिले तरी लक्ष संभाषणात गुंतलेलंच असतं. माझ्या मते शहरात ब्लूटूथवरही "पोचलो की फोन करतो" याच्या पुढे जाऊ नये.

सिग्नलला थांबल्यावर फोन बघितला तर? कायद्यात सिग्नलसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. इंजिन चालू, गाडी रस्त्याच्या मध्ये आणि तुम्ही चालकाच्या जागेवर, म्हणजे तुम्ही गाडी चालवतच आहात असं धरून वागा. सिग्नलचे सेकंद मोजत टाइप करणारा माणूस हिरवा दिवा लागल्यावर अर्धवट लक्षाने निघतो, आणि नेमका त्याच वेळी कोणीतरी घाईघाईत उरलेला रस्ता ओलांडत असतो.

दंड किती, आणि पैशांपलीकडे काय

केंद्रीय कायद्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ही झाली कोर्टातली शिक्षा. जागेवर भरायची असते ती तडजोडीची, म्हणजे कोर्टात न जाता प्रकरण मिटवायची रक्कम, आणि ती राज्य ठरवतं. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर लागू केले. फोनसाठी दुचाकीला १,००० रुपये, चारचाकीला २,००० आणि इतर मोठ्या वाहनांना ४,०००. तीन वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात तर १०,०००.

'दुसऱ्यांदा' कसं मोजतात, इथे बरेच जण फसतात. तडजोडीचं कलम २०० सांगतं की रक्कम भरून प्रकरण मिटवलं तरी पुढच्या वेळी तो आधीचा गुन्हा म्हणूनच धरला जाईल. म्हणजे स्वारगेटला मुकाट्याने भरलेले हजार रुपये दोन वर्षांनी वाकडला दहा हजारांचं कारण होऊ शकतात. शिवाय तडजोड केल्याने लायसन्सवरची कारवाई टळत नाही, हेही त्याच कलमात आहे.

लायसन्सची बाजू मी जास्त गंभीर मानतो. केंद्रीय मोटार वाहन नियम २१ मध्ये लोकांना धोका निर्माण करणाऱ्या कृत्यांची यादी आहे आणि गाडी चालवताना मोबाइल वापरणं त्या यादीत आहे. त्याच्या आधारे कलम १९ खाली आरटीओ लायसन्स निलंबित करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. २०१९ च्या दुरुस्तीने पोलिसांना कलम १८४ च्या गुन्ह्यात लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवण्याचा अधिकार दिला. जप्त केलं तर पोचपावती मिळते, पण या प्रकारच्या जप्तीत त्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही. लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी दुसऱ्याने चालवायची.

कायदा राबवणाऱ्यांसाठीही तरतूद आहे. कलम २१०-ब नुसार त्यांनीच हा गुन्हा केला तर दंड दुप्पट.

गाडी सुरू करण्यापूर्वीची दोन मिनिटं

रस्त्यावर फोन हातात न घेण्याचा निश्चय रस्त्यावर टिकत नाही. फोन वाजला की हात जातोच. म्हणून जी काही व्यवस्था करायची ती पार्किंगमध्येच.

पहिलं काम, मॅप लावून रस्ता एकदा डोळ्यांखालून घालणं. चांदणी चौकात नवे रॅम्प २०२३ च्या ऑगस्टमध्ये खुले झाले. मुळशीला कुठून वळायचं, साताऱ्याकडे कुठून आणि मुंबईकडे कुठून, हे तिथे पोचल्यावर स्क्रीनवर शोधणं म्हणजे महामार्गाच्या वेगात डोळे खाली घालणं. निघण्याआधी शेवटची दोन-तीन वळणं मोठ्याने म्हणून पाहा, लक्षात राहतात. पेठांमध्येही हेच करा. लक्ष्मी रोड, बाजीराव रोड, शिवाजी रोड एकेरी आहेत. एक बोळ चुकला की लोक गर्दीच्या मधोमध फोन काढून उभे राहतात. वळण चुकलं तर चुकू द्या, मॅप नवा रस्ता काढतो.

मग फोनची जागा. चारचाकीत स्टँड काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा एसीच्या जाळीवर, समोरचं दृश्य अडणार नाही असा. टू-व्हीलरवर घट्ट पकडीचा स्टँड घ्या, खड्ड्यात फोन उडाला की माणूस तो झेलायला जातो. स्टँड नसेल तर फोन खिशात किंवा डिकीत ठेवा आणि सूचना एका कानात मंद आवाजात ऐका. दोन्ही कान बंद करू नका, मागून येणाऱ्या पीएमपी बसचा हॉर्न ऐकू यायला हवा.

तिसरं म्हणजे सूचना बंद करणं. आयफोनमध्ये 'ड्रायव्हिंग फोकस' आहे. अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणे ड्रायव्हिंग मोड किंवा 'डू नॉट डिस्टर्ब' असतं. ब्लूटूथ गाडीला जोडलं की हे आपोआप सुरू होईल अशी सोय अनेक फोनमध्ये असते, ती एकदा शोधून लावून ठेवा. आईवडील, मुलांची शाळा असे एक-दोन नंबर अपवादात टाका. घरी आजारी माणूस असताना सगळे फोन बंद ठेवा असं मी कोणाला सांगणार नाही. तो फोन आला तर बाजूला थांबून घ्यायचा, एवढंच. जिथे आपोआप उत्तर पाठवता येतं तिथे "गाडी चालवतोय, पोचल्यावर फोन करतो" हे मराठीत लिहून ठेवा.

गाणी आणि सीटबेल्ट-हेल्मेट हे सगळंही निघण्याआधीच.

रस्त्यावर असताना

ताशी ४० किलोमीटरने जाताना तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी सुमारे ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि तेवढा रस्ता तुम्ही पाहिलेलाच नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगात हेच अंतर ८३ मीटर होतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ मध्ये देशात मोबाइलच्या वापरामुळे झालेल्या अपघातांत ३,३९५ मृत्यू नोंदले गेले. प्रत्यक्षात संख्या जास्त असणार असं मला वाटतं, कारण अपघातानंतर वेगाच्या खुणा रस्त्यावर राहतात आणि फोन मात्र खिशात गेलेला असतो.

फोन घ्यायलाच हवा असेल तर क्रम ठरवून ठेवा. वाजू द्या. आरशात पाहा, डावा इंडिकेटर द्या, डाव्या कडेला या, सुरक्षित जागा दिसली की थांबा, इंजिन बंद करा, मग फोन. पेट्रोल पंप, सोसायटीचं गेट, दुकानांसमोरची मोकळी जागा चालते. उड्डाणपूल, वळण, बसथांबा, आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार इथे कधीही थांबू नका. त्या उतारावर मागून अवजड गाड्या वेगात येतात. द्रुतगती मार्गावर कडेची पट्टी गाडी बंद पडण्यासारख्या अडचणीसाठी आहे, फोनसाठी नाही. तिथे फूड प्लाझापर्यंत थांबा.

याच मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा काम करते आहे. वेगाबरोबर सीटबेल्ट आणि चालकाच्या हातातला फोनही ती टिपते. पुढे पोलीस दिसत नाही म्हणून फोन काढण्याचे दिवस गेले. प्रवाशांनीही डोळे उघडे ठेवावेत. मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचा व्हिडिओ काढून परिवहन मंत्र्यांपर्यंत पोचवला, आणि चालकाला कामावरून काढून टाकण्यात आलं. बसमध्ये, कॅबमध्ये किंवा रिक्षात असं दिसलं तर आधी शांतपणे सांगा, "दादा, फोन ठेवा, नाहीतर बाजूला घ्या, आम्ही थांबतो." बहुतेक जण ऐकतात.

डिलिव्हरीची मुलं, कॅबवाले आणि रिक्षावाले यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्यांचं पोटच त्या स्क्रीनवर आहे. ऑर्डर येते, काही सेकंदांत स्वीकारायची असते, ग्राहक फोन करून "कुठे आहात" विचारतो. कायद्याने त्यांना कोणतीही जास्तीची सूट दिलेली नाही. ऑर्डर स्वीकारणं म्हणजे रस्ता पाहणं नव्हे. एक डिलिव्हरी चालू असताना पुढची ऑर्डर गाडी उभी असतानाच घ्या, आणि ग्राहकाचा फोन थांबूनच उचला. पण यातला मोठा वाटा आपल्याकडे, ग्राहकाकडे आहे. पत्ता नीट लिहा, सोसायटीच्या कुठल्या गेटने यायचं ते आधीच टाका, आणि मॅपवर गाडी हलताना दिसत असेल तर फोन करू नका.

घरातल्यांना आणि ऑफिसातल्यांनाही हेच लागू. "गाडीवर आहेस का?" याला उत्तर 'हो' आलं तर "मग पोचल्यावर कर" म्हणून स्वतः फोन ठेवा. साहेबांचा फोन आहे म्हणून हाताखालचा माणूस तो कापू शकत नाही, साहेब मात्र कापू शकतात.

पोलिसांनी थांबवलं तर

डावीकडे थांबा, इंजिन बंद करा. कागदपत्रं डिजीलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर दाखवली तरी ती ग्राह्य आहेत. कोणत्या कलमाखाली कारवाई आहे ते नम्रपणे विचारा. मशीनवर घातलेला गाडीचा नंबर आणि कलम पाहून घ्या, फोटो काढला असेल तर तोही. तो फोटो शासकीय ई-चलान यंत्रावर काढलेला असायला हवा. खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलान करू नये, अशी सूचना राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने २०२५ मध्ये दिलेली आहे.

रक्कम भरायची तर पावती घेऊनच. तेव्हा भरायची नसेल तर चलान प्रलंबित राहतं, नंतर भरता येतं. चूक झाली असेल तर हुज्जत घालू नका. चूक नसेल तर तेही शांतपणे सांगा आणि तक्रारीचा मार्ग धरा.

ई-चलान आलं तर

महाट्रॅफिक ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की चलान दिसतं. फोटो मोठा करून पाहा. गाडी तुमचीच आहे का, नंबरप्लेट नीट वाचता येते का, हातात फोनच आहे का, तारीख आणि जागा जुळते का. जुळत नसेल तर त्याच ठिकाणी तक्रार नोंदवा, त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा जोडा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, म्हणून चलान कोणत्या हद्दीतलं ते आधी बघा. हिंजवडी, वाकडचं प्रकरण घेऊन पुणे शहर वाहतूक शाखेत गेलात तर खेप वाया जाईल.

गाडी भावाने किंवा ड्रायव्हरने चालवली असेल तरी चलान मालकाच्या नावे येतं. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यास चालकाचं नाव आणि माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. गाडी विकली असेल आणि आरटीओत नाव बदललं नसेल, तर दुसऱ्याच्या फोनची पावती तुमच्या नावावर येत राहील.

चलान बरेच दिवस तसंच ठेवलं तर प्रकरण कोर्टाकडे जाऊ शकतं. लोकअदालतीत अशी प्रलंबित चलानं तडजोडीसाठी ठेवली जातात. तिथे रक्कम कमी होईलच असं गृहीत धरू नका. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसतं.

'तुमचं चलान थकलं आहे' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि सोबत एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल आली तर ती उघडू नका, बँकेतले पैसे उडवायचा हा प्रकार सर्रास चालतो. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'वर संपतो. चुकून फाइल उघडली असेल तर फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्या.

अपघात झाला, किंवा लायसन्स गेलं तर

अपघातात कोणी जखमी झालं तर पहिला फोन ११२. त्यानंतर प्रकरण दंडाच्या पावतीचं राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार गाडी चालवण्याला कलम २८१ आहे, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आधीच्या कायद्यात ही मर्यादा दोन वर्षांची होती. धडकेच्या वेळी फोन चालू होता का, हे तपासात कॉलच्या नोंदींवरून कळू शकतं.

लायसन्स निलंबनाची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. कलम १९ नुसार तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आदेश काढता येत नाही, तेव्हा सुनावणीला जा आणि लेखी म्हणणं द्या. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं. निलंबनाचा काळ संपल्यावर लायसन्स आपोआप हातात पडत नाही, चालकांसाठीचा उजळणी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मधल्या काळात गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या काळात अपघात केलात, तर विमा कंपनी नुकसानभरपाईची रक्कम तुमच्याकडून वसूल करायला मागे लागू शकते. म्हणून ते तीन महिने गाडीची किल्ली घरात दुसऱ्याकडे द्या आणि पीएमपीचा मासिक पास काढा. वनाझ ते रामवाडी किंवा पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या वाटेवर काम असेल तर मेट्रो आहेच.